रणांगणाहून परतलेल्यांची न दिसणारी जखम

युद्धाहून घरी परतलेल्या अनेक सैनिकांना जडणाऱ्या मानसिक व्याधीला आज आघातोत्तर तणाव विकार, अर्थात ‘पीटीएसडी’, असे म्हणतात. हे नाव अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८० साली आपल्या अधिकृत सूचीत समाविष्ट केले. व्याधी मात्र फार जुनी आहे. अमेरिकेतील यादवी युद्धातील सैनिकांची छाती विनाकारण धडधडते, असे डॉ. जेकब डाकोस्टा यांनी १८७१ साली नोंदविले होते. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, चार्ल्स मायर्स यांनी ‘शेल शॉक’ हा शब्द वैद्यकीय नियतकालिकात आणला. तोफगोळ्याच्या हादऱ्याने मेंदूला इजा होते, असा प्रारंभी समज होता. परंतु स्फोटाच्या जवळपासही नसलेल्या सैनिकांत तीच लक्षणे आढळू लागली. त्या युद्धात पलायन, भित्रेपणा अशा आरोपांखाली गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ साली मरणोत्तर क्षमा केली. त्यांच्यापैकी काहींवर पूर्वी याच व्याधीसाठी उपचार झाले होते!

व्हिएतनाम युद्धात लढलेल्या अमेरिकन पुरुषांची १९८० च्या दशकात विस्तृत पाहणी झाली. त्यांतील सुमारे १५ टक्के तेव्हाही या विकाराने त्रस्त होते आणि सुमारे ३० टक्क्यांना तो आयुष्यात कधी ना कधी झाला होता. ही माणसे घरी येऊन एक तप उलटून गेले होते. भयस्वप्ने, अचानक समोर उभा राहणारा तोच प्रसंग, झोप न लागणे, क्षुल्लक आवाजाने दचकणे, गर्दी टाळणे, जिवलगांविषयीही काही न वाटणे ही त्याची लक्षणे होत. दारूचा आधार घेणारेही पुष्कळ. घरच्यांना वाटते, माणूस बदलला, तुसडा झाला.

बोस्टन येथे या सैनिकांवर उपचार करणारे डॉ. जोनाथन शे यांनी आणखी एका दुखण्याकडे लक्ष वेधले. त्यास ‘नैतिक इजा’ म्हणतात. येथे भीतीपेक्षा अपराधभाव मोठा असतो: आपल्या हातून जे घडले, किंवा वरिष्ठांनी जे घडविले, ते विवेकबुद्धीला पचत नाही.

ख्रिस्तसभेला हे अनोळखी नाही. १०६६ साली हेस्टिंग्जची लढाई जिंकलेल्या नॉर्मन सैनिकांना त्यांच्याच बिशपांनी प्रायश्चित्त सांगितले आणि पोपचे प्रतिनिधी बिशप एर्मेनफ्रिड यांनी त्यास मान्यता दिली. ठार केलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष. जखमी केलेला जगला की मेला हे ठाऊक नसल्यास चाळीस दिवस. ज्याला आकडाच आठवत नाही त्याने बिशपांच्या अनुमतीने आयुष्यभर आठवड्यातून एक दिवस प्रायश्चित्त करावे, अथवा चर्च बांधावे. आज हे नियम कठोर वाटतील. आम्हाला मात्र त्यांत एक शहाणपण दिसते. विजयी सैनिकालाही ओझे असते हे येथे गृहीत धरले आहे, आणि ते ओझे उतरविण्याची वाट आखून दिली आहे.

आज सैन्यातील धर्मगुरू हे काम करतात. १९५८ पासून लूर्दस येथे दरवर्षी आंतरराष्ट्रीय सैनिकी यात्रा भरते; एकेकाळचे शत्रू असलेले फ्रेंच आणि जर्मन सैनिक तेथे एकत्र प्रार्थना करू लागले, ही तिची सुरुवात. जखमी आणि मनाने खचलेले सैनिकही तेथे येतात.

तथापि पापनिवेदन हे वैद्यकीय उपचाराची जागा घेऊ शकत नाही, हे स्पष्ट सांगावयास हवे. प्रशिक्षित तज्ज्ञांच्या मदतीने त्या आठवणींना टप्प्याटप्प्याने सामोरे जाणे हा आज सर्वांत परिणामकारक ठरलेला उपाय असून काही औषधांचाही लाभ होतो. “आता विसरून जा” असे म्हणून काही साधत नाही. कुटुंबीयांनी ‘किती माणसे मारलीस?’ असे विचारू नये. झोपेतून उठविताना अंगाला हात न लावता दुरून नावाने हाक मारावी. सणासुदीला फटाके वाजणार असतील तर आधी कल्पना द्यावी. आत्महत्येचा विषय निघाला तर तो बोलण्यापुरता समजू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.