पैसे ठेवणारी, कर्ज न देणारी

पोस्टाची बचत बँक गरिबांची बँक म्हणून ओळखली जाते आणि ती ओळख निम्मी खरी आहे. इंग्लंडात १८६१ साली ग्लॅडस्टन यांनी ती सुरू केली ती बँकांच्या दारात न जाणाऱ्या कष्टकऱ्यांसाठी. शिलिंगभर रक्कमही चालत असे आणि हमी खुद्द सरकारची. ब्रिटिश हिंदुस्थानात ही बँक १ एप्रिल १८८२ रोजी आली. आदिलाबाद जिल्ह्यातल्या आमच्या बाजारहत्नूरचा मुलूख मात्र निजामाचा. तिथे टपाल खाते संस्थानाचे आणि चलनही हाली सिक्क्याचे. १ एप्रिल १९५० रोजी संस्थानाचे टपाल भारतीय खात्यात विलीन झाले. त्यानंतरच इथल्या खातेदाराच्या ठेवीमागे दिल्ली सरकार उभे राहिले.

पण या भागाची खरी नड वेगळी होती. पेरणीच्या तोंडावर बियाण्याला पैसे लागत आणि ते सावकाराकडेच मिळत. १९४०मध्ये निजामाविरुद्ध उठलेला गोंडांचा नेता कुमराम भीम याच जिल्ह्यात जोडेघाटला मारला गेला. त्यानंतर मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या गोंडांची पाहणी केली, तेव्हा कर्ज आणि परक्यांचा शिरकाव यांमुळे त्यांच्या जमिनी कशा जात आहेत, हे त्यांनी नोंदवले. त्यावर पासबुक हा उपाय नव्हता. शिल्लकच नाही त्याने ठेवायचे काय? ज्याच्याकडे चार पैसे उरत, त्याची ठेव सरकारी तिजोरीत जाई. ते पैसे शेजाऱ्याच्या पेरणीला येत नसत. त्यामुळे सावकाराची जागा पोस्टाने कधी घेतलीच नाही.

यावर कोणी म्हणेल, कर्ज दिले नाही म्हणूनच ठेवी सुरक्षित राहिल्या; बुडीत कर्जांनी किती पतसंस्था बुडवल्या! हा आक्षेप खोटा नाही. सुरक्षितता ही या बँकेची मोठी कमाई आहे आणि ती पणाला लावू नये. परंतु ठेवींना हात न लावता, सरकारने वेगळा निधी देऊन पोस्टामार्फत लहान पीककर्ज वाटता आले असते. १९६९च्या राष्ट्रीयीकरणानंतर बँका खेड्यांकडे वळल्या हेही खरे, पण शाखा मोठ्या गावी आणि टपाल मात्र पाड्यापर्यंत, हे अंतर तसेच राहिले.

१ सप्टेंबर २०१८ रोजी इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक देशभर सुरू झाली. पोस्टमन दारात येऊन अंगठ्यावर पैसे देऊ लागला, ही मोठी सोय. मात्र पेमेंट्स बँकेच्या परवान्यात स्वतः कर्ज देण्यास मनाई आहे. १८८२ची उणीव नव्या बँकेतही कायम आहे आणि ती भरून काढण्याची जबाबदारी सरकारची आहे.