हवामान केंद्राची नोंद नकाशावर का दिसत नाही?

रात्रभर पाऊस कोसळतो, ओढे भरून वाहतात. सकाळी संगणकावर नकाशा उघडावा तर आपल्या गावाच्या जागी काहीच नाही, किंवा ठळक शून्य. अशा वेळी पहिला संशय केंद्रावर येतो. पण बऱ्याचदा केंद्राने नोंद बरोबर घेतलेली असते आणि ती फाईलमधून चित्रात येताना कुठेतरी हरवलेली असते.

नगर-मनमाड रस्त्यावरचे, प्रवरेकाठचे कोल्हार बुद्रुक (ता. राहाता) हे गाव उदाहरणाला घेऊ. महाराष्ट्रात २०१७ पासून महावेध प्रकल्पातून महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरली जाते. पेरू-डाळिंबासारख्या फळपिकांच्या हवामान आधारित विम्यातही भरपाई केंद्राच्या आकड्यांवरच ठरते. त्यामुळे नकाशातली चूक फक्त दिसण्यापुरती राहत नाही. चुकीचा नकाशा पाहून कुणी तक्रार करतो, तर कुणी करायची ती करत नाही.

आधी मूळ ओळ पाहा

क्यूजीआयएस असो, आयडीव्ही असो की साधे एक्सेल, पहिले काम एकच. नकाशा बाजूला ठेवून मूळ फाईल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि आपल्या केंद्राची ओळ शोधा. ओळच नसेल तर सॉफ्टवेअरशी झटापट करण्यात अर्थ नाही. ओळ असेल, आकडाही पटण्यासारखा असेल, तर दोष पुढच्या वाटेवर आहे.

मग नकाशा मोठा करून पाहा. केंद्रे दाटीने असली की अनेक सॉफ्टवेअर एकमेकांवर येणारी चिन्हे आणि नावे आपोआप लपवतात. जिल्हाभराच्या नकाशात गायब असलेले केंद्र तालुक्याएवढ्या नकाशात अवतरले, तर बिघाड काहीच नव्हता.

केंद्र भलतीकडे गेले असेल तर

कोल्हार साधारण साडेएकोणीस उत्तर अक्षांश आणि साडेचौऱ्याहत्तर पूर्व रेखांशावर आहे. हे दोन आकडे उलटे भरले गेले की बिंदू थेट आर्क्टिकमध्ये, नॉर्वेच्या बेअर आयलंडजवळच्या समुद्रात पडतो. गंमत म्हणजे त्या बेटावर खरोखरच हवामान केंद्र आहे! पूर्ण जगाचा नकाशा उघडून पाहिला की ही चूक लगेच सापडते.

अंश-मिनिटांची चूक मात्र लपून राहते. १९ अंश ३२ मिनिटे म्हणजे दशांशात १९.५३. कुणी ते सरळ १९.३२ असे लिहिले, तर केंद्र सुमारे २४ किलोमीटर दक्षिणेला सरकते. बिंदू जिल्ह्यातच राहतो, म्हणून शंका येत नाही. पाऊस मात्र दुसऱ्याच गावांच्या नावावर दिसतो.

सगळीच केंद्रे आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात एका ठिपक्यात गोळा झाली असतील, तर सॉफ्टवेअरने अंशांना मीटर समजले आहे. फाईल जोडताना निर्देशांक प्रणाली ईपीएसजी ४३२६ निवडा, सगळी केंद्रे जागेवर येतील.

नावांवरून जोडणी करणे मला तरी धोक्याचे वाटते. कोल्हार बुद्रुक राहाता तालुक्यात, नदीपलीकडचे कोल्हार खुर्द राहुरीत. नुसते ‘कोल्हार’ शोधले तर संगणक कर्नाटकातल्या कोलारलाही नेऊन पोचवू शकतो. त्यात २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. हद्दींच्या फाईलमध्ये जुने नाव आणि पावसाच्या तक्त्यात नवे असले, तर जिल्हा नकाशावर कोराच राहणार. जोडणी गावाच्या किंवा केंद्राच्या सांकेतिक क्रमांकाने करा.

वेळेचा घोळ

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. जगभरचे हवामान सॉफ्टवेअर यूटीसी वेळेवर चालते आणि आपली वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे. हा अर्धा तासच त्रासदायक. आपले सकाळी ९ म्हणजे यूटीसी ३:३०. सॉफ्टवेअर बरोबर ३:०० ची नोंद मागत असेल, तर ९ वाजताची ओळ फाईलमध्ये असूनही चित्रात येणार नाही. वेळ जुळवण्याची मुभा अर्ध्या तासापर्यंत वाढवली की ती दिसू लागते.

वेळ बरोबर आहे का, हे तापमानावरून ओळखता येते. कोरड्या, निरभ्र दिवशी कमाल तापमान दुपारी दोन-तीनच्या सुमारास असते. आलेखात ते सकाळी ९ ला दिसले, तर यूटीसीलाच भारतीय वेळ समजले आहे. रात्री ८ ला दिसले, तर साडेपाच तास दोनदा मिळवले गेले आहेत.

आता पाऊस. भारतात दिवसाचा पाऊस सकाळी ८:३० ते दुसऱ्या दिवशी सकाळी ८:३० असा मोजतात आणि तो दुसऱ्या दिवशीच्या तारखेला लिहितात. म्हणून काल संध्याकाळचा पाऊस आजच्या तारखेखाली दिसतो. ती चूक नव्हे. चूक होते ती सॉफ्टवेअर मध्यरात्रीपासून बेरीज करते तेव्हा. समजा रात्री ९ ते ३ या वेळेत ८० मिलिमीटर पाऊस झाला, ४५ मध्यरात्रीपूर्वी आणि ३५ नंतर. ८:३० च्या हिशेबाने ती अतिवृष्टी. मध्यरात्रीच्या हिशेबाने दोन तारखांना ४५ आणि ३५, म्हणजे ६५ ची रेघ कुठेच ओलांडली नाही. पाऊस तोच, फक्त दिवस कुठे कापला त्यावर सगळे फिरले.

एक्सेलमध्ये तारखांचा आणखी एक खोडा आहे. संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल तर ०५/०८ म्हणजे ५ ऑगस्टऐवजी ८ मे होतो, आणि १२ तारखेनंतरच्या नोंदी तारीख न राहता नुसता मजकूर होऊन आलेखातून गळतात. महिन्याचा उत्तरार्ध रिकामा दिसला की आधी हेच तपासा.

शून्य आणि ‘नोंद नाही’

पाऊस शून्य असणे वेगळे आणि नोंद नसणे वेगळे. अनेक फाईलींत नसलेल्या नोंदीच्या जागी -९९९ किंवा ९९९९ लिहितात. हे सॉफ्टवेअरला सांगितले नाही तर ९९९९ मुळे रंगपट्टी इतकी ताणली जाते की खरे आकडे सगळे एकाच रंगात बुडतात. उलट, रिकामी जागा शून्य धरली गेली तर मोबाईलचे नेटवर्क गेलेले केंद्र कोरडे ठरते.

हवेच्या दाबाचेही असेच. समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर दाब ९५५ हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. तो समुद्रसपाटीला न आणता १००८ च्या शेजारी मांडला, तर कोल्हारवर चक्रीवादळ घोंगावत असल्याचे चित्र उमटेल. वाऱ्याचा वेग सेकंदाला मीटरमध्ये असून सॉफ्टवेअरने नॉट समजला, तर वारा निम्माच दिसेल.

इतके करूनही मूळ ओळीतच शून्य असेल आणि शेजारच्या केंद्रांवर भरपूर पाऊस असेल, तेव्हा संशय यंत्रावर घ्यावा. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पाने किंवा पक्ष्यांची विष्ठा अडकली की आतली छोटी पलटी मारणारी वाटी हलत नाही. मग पाऊस थांबल्यावरही नरसाळ्यातून पाणी झिरपत राहते आणि कोरड्या उन्हात थेंब-थेंब पाऊस नोंदला जातो. तक्रार करताना नकाशाचे चित्र नव्हे, तर केंद्राचा क्रमांक, वेळेसह मूळ ओळ आणि शेजारच्या दोन केंद्रांचे त्याच वेळेचे आकडे द्या.