दिवाळीची मिठाई, दात आणि व्हिपेहोल्मचा प्रयोग

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात दिल्लीत मिठाईचे डबे घरोघरी आणि कचेऱ्यांतून फिरू लागतात. चांदनी चौकातील ‘घंटेवाला’ या दुकानाची स्थापना 1790 मधली सांगितली जाते. ते ज्या सोहन हलव्यासाठी नावाजले गेले, तो दातांना चिकटतो आणि बराच वेळ चिकटून राहतो. उघडा डबा मेजावर असतो आणि येता-जाता एखादा तुकडा तोंडात जातो. यात दातांना अधिक अपायकारक काय: साखरेचे प्रमाण, तिचा चिकटपणा, की हे ‘येता-जाता’ खाणे? या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास सुमारे सहा दशके लागली आणि त्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांची संमती कोणी घेतली नव्हती.

‘दाताला कीड लागली’ असे मराठीत आजही म्हटले जाते. दातात खरोखरच कृमी असतो, ही समजूत अनेक प्राचीन संस्कृतींत होती. 1890 मध्ये बर्लिन येथे काम करणारे अमेरिकन दंतवैद्य विलोबी मिलर यांनी आपल्या ग्रंथात वेगळे स्पष्टीकरण मांडले. तोंडातील जीवाणू पिष्टमय व शर्करायुक्त अन्नापासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात झिजवते, असे त्यांचे प्रतिपादन होते. 1924 मध्ये लंडनमध्ये जे. किलियन क्लार्क यांनी किडलेल्या दातांतून ‘स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स’ हा जीवाणू वेगळा केला.

1940 च्या दशकात अमेरिकेत रॉबर्ट स्टेफन यांनी अँटिमनीच्या सूक्ष्म विद्युतअग्राने दातांवरील थरातील आम्लता प्रत्यक्ष मोजली. साखरेच्या द्रावणाने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच पीएच झपाट्याने खाली येतो आणि पूर्ववत होण्यास अर्धा ते एक तास लागतो, असे त्यांना आढळले. पीएच 7 वरून 5 वर आला, तर हायड्रोजन आयनांची संहती शंभरपट होते. साधारण 5.5 च्या खाली दंतकवचातील हायड्रॉक्सीअ‍ॅपेटाइट हे खनिज विरघळू लागते. पीएच वर आल्यावर लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट ती झीज काही अंशी भरून काढतात. म्हणजेच प्रत्येक गोड घासानंतर झीज आणि भरपाई यांचे एक आवर्तन घडते. भरपाई पूर्ण होण्यापूर्वीच दुसरा तुकडा तोंडात गेला, तर झीज साचत जाते.

माणसांमध्ये याचा मोठा पुरावा स्वीडनमधून आला. लुंड येथील व्हिपेहोल्म रुग्णालयात 1945 पासून आहार आणि दंतक्षय यांचा अभ्यास सुरू झाला. काही रुग्णांना जेवणासोबत भरपूर साखर देण्यात आली, तर काहींना जेवणांच्या मधल्या वेळेत मुद्दाम चिकट बनवलेल्या टॉफी. एका गटाला तर दिवसाला 24 टॉफी दिल्या गेल्या. 1954 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: जेवणासोबतच्या साखरेने दंतक्षय फारसा वाढला नाही, मधल्या वेळच्या चिकट गोडाने तो झपाट्याने वाढला. मात्र हे रुग्ण गंभीर बौद्धिक अपंगत्व असलेले होते. ते संमती देऊ शकत नव्हते आणि त्यांचे दात जाणूनबुजून किडू दिले गेले. पुढे या प्रयोगावर तीव्र नैतिक टीका झाली. स्वीडनमध्ये आठवड्यातून एकदाच, शनिवारी, मुलांना गोड खाऊ देण्याची प्रथा रुजली, तिच्यामागे याच अभ्यासाचा धडा आहे.

भारतात 2002-03 च्या राष्ट्रीय मुखआरोग्य सर्वेक्षणात 12 वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांमध्ये दंतक्षय आढळला. त्याच सर्वेक्षणात पाण्यातील फ्लोराइडचीही नोंद घेतली गेली, हे महत्त्वाचे आहे. फ्लोराइडमुळे दंतकवच आम्लाला अधिक दाद देत नाही. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहराने 1945 मध्ये ते पिण्याच्या पाण्यात मिसळण्यास सुरुवात केली. दिल्ली आणि लगतच्या हरियाणाच्या काही भागांत मात्र भूजलातच फ्लोराइड जास्त आहे. ते शरीरात अति गेल्यास दात डागाळतात व हाडांना अपाय होतो. त्यामुळे तो उपाय येथे सरसकट लागू होत नाही. टूथपेस्टमधील फ्लोराइड अधिक सोयीचे ठरते. भारतात त्याची कमाल मर्यादा 1000 पीपीएम आहे.

महाराष्ट्रीय पानात गोड पदार्थ जेवणातच वाढला जातो आणि जेवणानंतर चूळ भरली जाते. ही रीत दातांसाठी आखली गेली होती, असे म्हणण्यास आधार नाही. परंतु स्टेफन आणि व्हिपेहोल्म यांच्या निष्कर्षांशी ती जुळते. सणातही लाडू, बर्फी, सोहन हलवा जेवणासोबत खावेत, मधल्या वेळेत डबा बंद ठेवावा, गोडानंतर पाण्याने चूळ भरावी. झोपेत लाळ कमी होत असल्याने रात्री फ्लोराइडयुक्त टूथपेस्टने दात घासल्यावर काहीही खाऊ नये. हे साधे नियम आज प्रत्येक दंतवैद्य सांगतो. ते ज्यांच्या दातांवर पडताळले गेले, त्या व्हिपेहोल्मच्या रुग्णांची आठवणही त्यांच्यासोबत राहायला हवी.

#विज्ञानाचा_इतिहास #दंतआरोग्य #दिवाळी