खातेवही शाबूत, पैसे मात्र गेले

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पोलादाच्या या नगरीच्या नावाने २०१६ मध्ये आयआयटी सुरू झाली आणि सायबर-भौतिक प्रणालींच्या राष्ट्रीय मोहिमेत वित्ततंत्रज्ञानाचे केंद्र तिच्याकडे आले. अशा केंद्राची गरज काय, हे पुण्यातील एका घटनेवरून उमगते.

त्याआधी थोडा इतिहास. १९६६ मध्ये एमआयटीच्या सामायिक संगणकावर दोन फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सर्वांचे पासवर्ड दिसू लागले. कोणी चोर आला नव्हता. पासवर्ड जसेच्या तसे साठवणे हीच चूक होती. १९७९ मध्ये रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी युनिक्समधील उपाय मांडला. पासवर्डऐवजी त्याचे उलट न फिरवता येणारे रूप साठवायचे, प्रत्येकात एक यादृच्छिक भर मिसळायची आणि ही गणना मुद्दाम संथ ठेवायची. फाईल चोरीला गेली तरी चोराचे कष्ट वाढावेत, हा त्यामागचा विचार. आजही पासवर्ड याच तत्त्वावर जपले जातात.

परंतु लपवणे म्हणजेच रक्षण नव्हे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी, १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून पैसे काढले गेले. १३ ऑगस्टला स्विफ्टद्वारे आणखी रक्कम हाँगकाँगला वळवली गेली. एकूण नुकसान सुमारे ९४ कोटी रुपये.

हे घडले कसे? एटीएमची विचारणा बँकेच्या स्विचकडे येते. स्विच ती मुख्य प्रणालीकडे नेतो आणि खात्यात शिल्लक आहे का, हे तिथे ठरते. हल्लेखोरांनी मालवेअरच्या साह्याने वाटेतच एक तोतया स्विच उभा केला. तो मुख्य प्रणालीला न विचारताच स्वतः ‘मंजूर’ असे उत्तर देऊ लागला. ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागला नाही, असे बँकेने सांगितले. गेले ते बँकेचे पैसे. खातेवही शाबूत होती, तिच्या नावाने बोलणारा मात्र खोटा होता.

सॉफ्टवेअर घडवणाऱ्या विद्यार्थ्यांनी यातून दोन प्रश्न जवळ बाळगावेत. हा डेटाबेस उद्या चोराच्या हाती पडला, तर त्याला काय वाचता येईल? आणि डेटाबेसच्या नावाने आलेले उत्तर खरोखर त्याचेच आहे, हे कसे पडताळायचे? पहिल्याचे उत्तर एन्क्रिप्शन आणि मोजके अधिकार. दुसऱ्याचे, प्रत्येक संदेशाची गूढलेखनाधारित ओळख आणि दोन्ही टोकांच्या नोंदींचा सतत ताळमेळ. एटीएमने दिलेली रक्कम आणि मुख्य प्रणालीने मंजूर केलेली रक्कम लागलीच पडताळली, तर असा तोतया फार काळ लपू शकत नाही.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार वाजवी सुरक्षा न राखणाऱ्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंड बसतो तो घटना घडून गेल्यावर. वरील दोन प्रश्न मात्र पहिली ओळ लिहिण्यापूर्वी विचारता येतात.