आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना (भारत)

आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना हा परदेशात तात्पुरत्या मुक्कामात वाहन चालविण्यासाठी दिला जाणारा अधिकृत दस्तऐवज आहे. हा स्वतंत्र परवाना नसून मायदेशातील मूळ परवान्याचे अनेक भाषांतील प्रमाणित रूप आहे. त्यामुळे तो मूळ परवान्यासोबतच ग्राह्य धरला जातो. परदेशात स्थायिक होणाऱ्या व्यक्तीस तो ठरावीक काळापुरताच उपयोगी पडतो.

कायदेशीर आधार

१९ सप्टेंबर १९४९ रोजी जिनिव्हा येथे रस्ते वाहतुकीविषयीचा करार झाला व तो १९५२ मध्ये अंमलात आला. भारत १९६२ मध्ये त्यात सहभागी झाला. या करारानुसार परवान्याची मुदत एक वर्षाची असते. एखाद्या देशात सलग एक वर्षाहून अधिक काळ राहिलेल्या चालकास कराराच्या सवलती देण्याचे बंधन त्या देशावर नसते. १९६८ च्या व्हिएन्ना वाहतूक कराराचा भारत सदस्य नाही. मुख्यभूमी चीनमध्ये हा परवाना मान्य नाही.

भारतातील प्रक्रिया

अर्जदाराकडे वैध भारतीय परवाना व पारपत्र असावे लागते. अर्ज नमुना ४-अ मध्ये केला जातो, तर परवाना नमुना ६-अ मध्ये मिळतो. केंद्रीय नियमांनुसार शुल्क १,००० रुपये आहे. अर्ज सामान्यतः राहत्या भागातील परिवहन कार्यालयाकडे करतात. नागपूर जिल्ह्यातील भिवापूर तालुक्याच्या रहिवाशांसाठी हे कार्यालय नागपूर (ग्रामीण) असून त्याचा वाहन नोंदणी क्रमांक एमएच-४० आहे. अर्ज 'सारथी' संकेतस्थळावरूनही भरता येतो.

मूळ परवान्यात ज्या प्रकारची वाहने नमूद असतात, तेवढीच आंतरराष्ट्रीय परवान्यावर चालविता येतात. केवळ दुचाकीचा परवाना असलेल्यास परदेशात मोटार चालविण्याचा अधिकार मिळत नाही.

काही देश प्रवाशाला तेथे पोहोचल्यावर व्हिसा देतात. हे लक्षात घेऊन ७ जानेवारी २०२१ च्या अधिसूचनेद्वारे भारतात अर्ज करताना व्हिसा व वैद्यकीय प्रमाणपत्राची अट काढण्यात आली. परदेशात असताना मुदत संपल्यास भारतीय दूतावासामार्फत नूतनीकरणाची सोयही करण्यात आली. ऑगस्ट २०२२ मध्ये देशभरासाठी परवान्याचा एकसमान नमुना ठरवून त्यावर क्यूआर संकेताची तरतूद झाली.

स्थायिक झाल्यानंतरचे नियम

पर्यटक आणि रहिवासी यांच्यासाठीचे नियम बहुतेक देशांत वेगळे असतात.

• ब्रिटन : रहिवासी झाल्यापासून १२ महिने भारतीय परवान्यावर वाहन चालविता येते. त्यानंतर स्थानिक परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक असते.
• जर्मनी : निवास सुरू झाल्यापासून सहा महिन्यांनंतर जर्मन परवाना लागतो. भारतीय परवानाधारकांना त्यासाठी लेखी व प्रात्यक्षिक या दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात.
• संयुक्त अरब अमिराती : निवासी व्हिसाधारकास स्थानिक परवाना घ्यावा लागतो.
• कॅनडा व अमेरिका : नियम प्रांत वा राज्यानुसार बदलतात. ऑन्टारिओत नव्या रहिवाशास ६० दिवसांची मुभा आहे.

मुदतीनंतर जुन्या परवान्यावर वाहन चालविणे हे विनापरवाना वाहन चालविण्यासारखे ठरू शकते. अशा वेळी अपघात झाल्यास दंडाबरोबर विम्याचे संरक्षणही गमावण्याचा धोका असतो.

वाहतुकीची बाजू

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया व जपानमध्ये भारताप्रमाणे डावीकडून वाहने चालतात. अमेरिका, कॅनडा, जर्मनी व संयुक्त अरब अमिरातीत ती उजवीकडून चालतात. चौक ओलांडताना व वळण घेताना नवागत चालकास जुनी सवय मोडावी लागते.

भारतीय परवान्याचे नूतनीकरण

परदेशातील वास्तव्यात भारतीय परवान्याची मुदत संपू शकते. २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) कायद्यानुसार मुदत संपण्यापूर्वी एक वर्षापासून ते संपल्यानंतर एक वर्षापर्यंत नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. त्याहून अधिक विलंब झाल्यास वाहन चालविण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय परवाना मूळ परवान्यावर आधारलेला असल्याने मूळ परवाना वैध राखणे आवश्यक ठरते.