ठाणे खाडीत फ्लेमिंगो दाखवणारा गाइड नेमकं काय करतो?

आफ्रिकेतला सफारी गाइड पावलांचे ठसे वाचतो; ठाणे खाडीतल्या गाइडला आधी भरती-ओहोटी वाचावी लागते. ऐरोलीच्या किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या बोटीची वेळ भरतीनुसार बदलते. पाणी फार उतरलं तर बोट गाळात रुतते, फार चढलं तर फ्लेमिंगोंची चरायची जागाच बुडते.

मोठा फ्लेमिंगो उंच आणि फिकट, त्याच्या गुलाबी चोचीचं टोक काळं. छोटा बुटका, गडद चोचीचा. हा फरक दाखवणं सोपं. अवघड असतं ते फोटोसाठी ‘अजून जवळ घ्या’ म्हणणाऱ्यांना नकार देणं. बोट फार जवळ गेली की थवा उडतो आणि त्याचं खाणं अर्धवट राहतं.

ही खाडी २०१५ पासून अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ आहे. पण इंजिन कुठे बंद करायचं, हे बोटीवरच ठरतं.