पाणी, शब्द आणि संकल्प

मराठी वाचकांपैकीं बहुतेकांस ‘बाप्तिस्मा’ ह्या शब्दाची पहिली ओळख होते ती लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या ग्रंथांत. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं नारायण वामन टिळकांनीं मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि आमच्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या ह्या कन्येच्या संसाराचीं दोन शकलें झालीं. पुढें पांच वर्षांनीं त्याही त्याच मार्गानें गेल्या. ह्या ग्रंथाविषयीं वर्गांत बोलत असतां एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, “सर, टिळक अमेरिकन मिशनकडून ख्रिस्ती झाले. नंतर ते रोमन कॅथलिक पंथांत गेले असते, तर त्यांस पुन्हां बाप्तिस्मा घ्यावा लागला असता काय?” मीं ‘नाहीं’ असें उत्तर दिलें, पण त्या एका ‘नाहीं’च्या पोटांत सतराशें वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यांतला एक फार कडवट अध्याय आपल्याच शेजारीं, गोव्यांत, लिहिला गेला आहे.

वादाचा आरंभ उत्तर आफ्रिकेंत झाला. इ. स. २५५च्या सुमारास कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणूं लागला कीं पाखंड्यांनीं दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे; ज्याच्यापाशीं स्वतःजवळच कांहीं नाहीं तो दुसऱ्यास काय देणार? रोमचा बिशप स्टीफन ह्याचें मत नेमकें उलट पडलें. पुढें दीडशें वर्षांनीं ऑगस्टिननें ह्या उलट मतास तात्त्विक बैठक दिली: संस्कार करणारा खरोखर ख्रिस्त, पुरोहित केवळ निमित्त, म्हणून पुरोहिताच्या पापानें किंवा पाखंडानें संस्कार बाटत नाहीं. १५४७ सालीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें हाच सिद्धान्त पक्का केला. त्याप्रमाणें तीन गोष्टी पुरतात: खरें पाणी, पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्या त्रयीच्या नांवाचे ठराविक शब्द, आणि चर्च जें करतें तें आपण करीत आहों हा संकल्प. टिळकांच्या बाप्तिस्म्यांत हीं तिन्ही अंगें होतीं. एखाद्या अंगाविषयीं खरीखुरी शंका असेल तर ‘तुझा बाप्तिस्मा झाला नसल्यास’ अशी अट शब्दांत घालून संस्कार करतात. पण झालेला संस्कार पुन्हां करणें हें निषिद्ध.

पाणी नदीचें असो, विहिरीचें असो कीं समुद्राचें. तें एखाद्या तीर्थाचेंच पाहिजे असें नाहीं. गोदाकांठीं राहणाऱ्या आम्हांस ह्याचें थोडें नवल वाटतें. मात्र पाणी हें पाणीच पाहिजे. नॉर्वेंत पाण्याच्या अभावीं मुलांस बिअरनें बाप्तिस्मा दिल्याचें प्रकरण १२४१ सालीं पोप नवव्या ग्रेगरीपुढें आलें, तेव्हां त्यानें तो व्यर्थ ठरविला. संस्कार करणाराविषयीं मात्र विलक्षण औदार्य आहे. १४३९च्या फ्लॉरेन्सच्या निर्णयाप्रमाणें प्रसंग पडल्यास गृहस्थ, स्त्री, इतकेंच काय पण मूर्तिपूजकही बाप्तिस्मा देऊं शकतो. मरणोन्मुख अर्भकाच्या मस्तकावर पाणी घालणारी हिंदु सुईण, तिनें ते शब्द उच्चारले व तिचा हेतु चर्चच्या हेतूशीं जुळला, तर ह्या शास्त्राप्रमाणें पूर्ण अधिकारी ठरते.

शब्दांपाशीं हें औदार्य संपतें. ऑगस्ट २०२० मध्यें व्हॅटिकननें जाहीर केलें कीं ‘मी तुला बाप्तिस्मा देतों’ ह्याऐवजीं ‘आम्ही देतों’ असें म्हटल्यास संस्कार घडतच नाहीं. कारण त्या ‘मी’मध्यें ख्रिस्त बोलतो, जमलेली मंडळी नव्हे. अमेरिकेंतील डेट्रॉइटच्या एका तरुण धर्मगुरूच्या बालपणच्या चित्रफितींत नेमकें ‘आम्ही’च निघालें. बिचाऱ्यास बाप्तिस्म्यापासून दीक्षेपर्यंत सारे संस्कार नव्यानें घ्यावे लागले. आमच्या भाषेंत राजे आणि संत स्वतःस ‘आम्ही’च म्हणवितात, हा वाद मराठींत उद्भवता तर काय घोटाळा झाला असता, ह्या विचारानें क्षणभर हसूं येतें.

संस्कार घडणें निराळें आणि तो यथाविधि घडणें निराळें. दत्तकाच्या कज्ज्यांतून हा भेद आपल्या वकीलमंडळींस चांगला परिचित आहे: विधींत उणीव राहिली म्हणून घडलेली गोष्ट न घडलेली होत नाहीं. जुन्या लॅटिन विधींत मीठ, तेल, धर्मगुरूची फुंकर आणि बोटावर घेऊन कानास व नाकास लावलेली लाळ एवढा परिवार होता. त्यांतलें कांहींही बाप्तिस्म्याच्या सिद्धतेस आवश्यक नव्हतें. पण हिंदुस्थानांत ह्या लाळेनें मोठें रण माजविलें. दुसऱ्याचें उष्टें अंगास लागणें म्हणजे काय, हें मदुरेच्या जेझुइटांनीं ओळखलें आणि ते लाळ व फुंकर गाळूं लागले. १७०४ सालीं पोपचा प्रतिनिधि टूर्नों ह्यानें पाँडिचेरीस ह्या सवलतीवर बंदी घातली, आणि वाद १७४४ पर्यंत रोममध्यें चालला. सबंध चाळीस वर्षें चाललेल्या ह्या वादांत, लाळेवांचून दिलेले बाप्तिस्मे मात्र पूर्ण सिद्धच होते.

एवढ्यावर विषय संपता तर तो पंडितांच्या करमणुकीचा ठरला असता. खरा पेंच आहे तो घेणाऱ्याच्या संमतीचा. प्रौढ मनुष्याची इच्छा नसेल तर बाप्तिस्मा घडत नाहीं, हें सर्वमान्य. पण इच्छा कशास म्हणावें? स्पेनच्या सिसेबुत राजानें यहुद्यांस सक्तीनें ख्रिस्ती केलें होतें. ६३३ सालीं टोलेडोच्या परिषदेनें ठरविलें कीं यापुढें कोणावर सक्ती करूं नये. परंतु जे बाटले ते मात्र ख्रिस्तीच राहिले पाहिजेत. १२०१ सालीं तिसऱ्या इनोसंटनें ह्याची फोड केली. जो शेवटपर्यंत ‘नको, नको’ म्हणत राहिला त्याचा संस्कार झालाच नाहीं. धमकीला भिऊन ज्यानें मान डोलावली त्याचा झाला. भीतीनें दिलेला होकार हाही होकारच!

हा निर्णय गोव्यास लावून पाहावा. १५१० मध्यें पोर्तुगीजांनीं गोवा घेतलें. १५४१च्या सुमारास तिसवाडींतील देवळें पाडलीं गेलीं. १५४२ मध्यें फ्रान्सिस झेवियर आला, आणि १५४६ मध्यें त्यानेंच राजास लिहून इन्क्विझिशनची मागणी केली. मार्च १५५९ मध्यें राजाज्ञा निघाली कीं ज्या हिंदु बालकांस आई, बाप, आजा, आजी कोणी उरलें नसेल त्यांस ताब्यांत घेऊन सेंट पॉल कॉलेजांत ठेवावें व बाप्तिस्मा द्यावा. ही योजना शास्त्र जाणणाराची आहे. अर्भकाची संमति लागत नाहीं. आईबापांच्या इच्छेविरुद्ध मूल बाटवूं नये असें थॉमस अक्वायनस सांगून गेला होता. तेव्हां ज्यास विचारणारें कोणी नाहीं असेंच मूल शोधलें म्हणजे झालें. पुढें तर बाप नसला म्हणजे मूल पोरकेंच, मग आई जिवंत असली तरी चालेल, इतका त्या आज्ञेचा अर्थ ताणला गेला. ह्याच काळांत कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आणि केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास, आदिलशाहीच्या हद्दींत, गेली. देवांबरोबर माणसेंही गेलीं, आणि त्यांत लेंकरें सांभाळण्यासाठीं पळालेल्या विधवा असतील, असें मला नेहमीं वाटतें.

१५६७ मध्यें गोव्याच्या प्रांतिक परिषदेनें बळानें किंवा धमकीनें कोणास धर्मांत आणूं नये असा ठराव केला. तो ठराव मीं दांभिक मानीत नाहीं. पण ज्यांचा बाप्तिस्मा होऊन गेला होता त्यांस त्याचा उपयोग काय? १५६० पासून इन्क्विझिशन बसलें होतें. तुळशीस पाणी घातलें, एकादशी केली, तर गुन्हा झाला कीं नाहीं हें मुख्यतः एका प्रश्नावर अवलंबून: ह्या मनुष्याचा बाप्तिस्मा झाला आहे काय? हें न्यायासन मध्यंतरीं १७७४ ते १७७८ बंद होतें. कायमचें गेलें तें १८१२ मध्यें. आणि हा प्रश्न केवळ गोव्याचा नव्हे. १८५८ मध्यें बोलोन्या येथें मोर्तारा ह्या यहुदी कुटुंबांतील सहा वर्षांचा मुलगा पोपच्या शिपायांनीं उचलून नेला, कारण तो तान्हा असतां आजारपणांत ख्रिस्ती मोलकरणीनें गुपचूप त्याच्यावर पाणी शिंपडलें होतें. पाणी होतें, शब्द होते, संकल्पही होता. मूल परत मिळालें नाहीं. तो पुढें धर्मगुरु झाला.

जो संस्कार करणें अत्यंत सोपें, तोच पुसणें अशक्य! ट्रेंटच्या भाषेंत, बाप्तिस्मा आत्म्यावर न पुसणारा ठसा उमटवितो. मरणाऱ्या अर्भकास कोणीही तारावें ह्या करुणेंतून सोपेपणा आला; कृपा कधीं मागें घेतली जात नाहीं ह्या श्रद्धेंतून ठसा आला. हीं दोन्ही मतें निरनिराळीं पाहिलीं तर त्यांत मला उदात्तताच दिसते. राजसत्तेच्या हातीं तीं एकत्र पडलीं तेव्हां काय झालें, तें वर आलेंच आहे.

आमच्याकडे ठशाची कल्पनाच नाहीं. बाटलेल्यास प्रायश्चित्त असतें. १६७६ मध्यें शिवाजीमहाराजांनीं नेताजी पालकरास परत घेतलें तें त्याच आधारावर. १९२८ मध्यें मसूरकर महाराजांनीं गोव्यांतील हजारों गावड्यांची शुद्धि केली. त्यांच्या दृष्टीनें तो विषय तेथें मिटला. कॅथलिक शास्त्राच्या दृष्टीनें मात्र शुद्ध झालेला प्रत्येक गावडा मरेपर्यंत ख्रिस्तीच, फार तर धर्मभ्रष्ट ख्रिस्ती. परंतु ठसा वंशपरंपरेनें उतरत नाहीं. शुद्धीनंतर जन्मलेल्या ज्या मुलावर कोणीं पाणी घातलें नाहीं, त्यावर चर्चचा कांहीं हक्क नव्हता; त्यामुळें कित्येक वर्षें त्या घरांतून एकाच तुळशीपुढें दिवा लावणारा आजा चर्चच्या हिशेबीं ख्रिस्ती असे, आणि शेजारीं हात जोडून उभा राहिलेला नातू हिंदु.